नानांचा संगणक

भोरच्या आमच्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, एक संगणक होता. २००४ साली तो घरी आला तेव्हा त्याला पाहण्यासाठी आळीतली मुले ओटीवर गोळा झाली होती. पुढे ती मुले मोठी झाली, त्यांच्या हाती खिशात मावणारी यंत्रे आली, आणि पिवळट पडलेल्या त्या थोराड खोक्याकडे कोणी ढुंकूनही पाहीनासे झाले. अपवाद फक्त माझ्या वडिलांचा.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून नाना रोज सायंकाळी त्याच्यापुढे बसत. माझी आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणत असे, त्या ते आठवून आठवून उतरवीत होते. आजी २००६ साली गेली. तिला लिहिता येत नव्हते; ओव्या होत्या त्या तिच्या गळ्यात. चार वर्षांत नानांनी, एका बोटाने, सहाशेहून अधिक ओव्या टंकित केल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. मी पुण्याहून येई, 'एकदा प्रत काढून ठेवू या' असे म्हणे, आणि दोन दिवस राहून परत जाई.

२०१३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. वळवाचा पाऊस असा काही कोसळला की वेशीजवळचे झाड तारांवर आडवे झाले. नाना त्या वेळी टंकलेखन करीत होते. एकाएकी पडदा काळा झाला. गावात दोन दिवस वीज नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिवे लागले. नानांनी स्नान उरकून संगणकाची कळ दाबली. आतला पंखा घुरघुरला. पण पडद्यावर काही उमटेना. उलट खोक्यातून एक लांब शिट्टी ऐकू आली. मग पुन्हा एक, आणि पुन्हा एक. मी धावत गेलो आणि शहाण्या माणसाने करू नये तेच केले. दहा वेळा कळ बंद केली आणि दहा वेळा चालू केली. शेजारचे एक गृहस्थ डोकावले व म्हणाले, "अहो, भंगारात द्या आता! किती वर्षे वापरणार?" नाना काहीच बोलले नाहीत. ते खुर्चीवर बसून राहिले. त्यांचे ते गप्प बसणे मला त्या शिट्टीपेक्षाही अस्वस्थ करून गेले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "काय बिघडले ते मागाहून पाहू. काय चालते आहे, ते आधी पाहा."

पंखा फिरत होता. म्हणजे वीज आत पोचत होती. शिट्टी वाजत होती. म्हणजे ज्या मोठ्या पाटीवर सारे भाग बसविलेले असतात, तो मदरबोर्ड जिवंत होता. तो मुका नव्हता, तक्रार करीत होता. नानांनी कपाटातून एक जीर्ण पुस्तिका काढली. (कोणतीही वस्तू टाकून न देण्याच्या त्यांच्या सवयीला आई आयुष्यभर नावे ठेवीत आली होती.) पुस्तिकेत लिहिले होते की पुनःपुन्हा लांब शिट्टी वाजली, तर यंत्राला आपली रॅमची पट्टी सापडत नाही असे समजावे.

मी भिंतीतली पिन काढली, हातातली स्थिर वीज उतरावी म्हणून खोक्याच्या धातूला हात लावला आणि बाजूचा पत्रा उघडला. वीज पुरविणाऱ्या आतल्या बंद डब्याला मात्र मी हात लावला नाही. पिन काढल्यावरही त्यात विजेचा साठा काही काळ राहतो आणि तो माणसाला धोकादायक असतो. आत बोटभर धूळ होती. रॅमची पट्टी हलकेच उपसून काढली. तिच्या कडेचे सोनेरी दात काळवंडले होते. यंत्र तापले की असे भाग किंचित फुगतात, निवले की आकसतात. वर्षानुवर्षे असे होऊन त्यांची पकड सैल होते. मी नानांच्या पेन्सिलीच्या डब्यातला खोडरबर घेतला, ते दात हळुवार घासले, भुगा झटकला आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबून बसविली.

शिट्टी थांबली! पडदा उजळला, पण त्यावर सूचना आली की यंत्र आपल्या नोंदी विसरले आहे. तारीख दाखवीत होते १ जानेवारी २००३.

हा दुसरा बिघाड मोठा मौजेचा होता. तारीख-वेळ आणि काही नोंदी सांभाळण्यासाठी मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिच्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. त्यातल्या २० चा अर्थ व्यास २० मिलिमीटर, आणि ३२ चा अर्थ जाडी ३.२ मिलिमीटर. भिंतीतला खटका चालू असेपर्यंत संगणक बंद असतानाही मदरबोर्डला थोडीशी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. त्यामुळे बॅटरी केव्हाच म्हातारी झाली होती, हे आम्हाला कळलेच नाही. घटकाभर वीज गेली तर ती कसाबसा तग धरी. दोन दिवसांचा अंधार मात्र तिला झेपला नाही. नवी असताना ३ व्होल्ट दाब देणारी ती बॅटरी आता दोन व्होल्टही देत नव्हती. बाजारपेठेतल्या घड्याळवाल्याकडून मी नवी बॅटरी पंचवीस रुपयांना आणली.

मी तारीख दुरुस्त करणार, तोच नाना म्हणाले, "थांब जरा." पडद्यावरच्या त्या २००३ कडे ते थोडा वेळ पाहत राहिले. "तेव्हा तुझी आजी होती रे," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच आकडे बदलले.

त्यानंतर निळ्या पडद्यावर हार्ड डिस्कची तपासणी सुरू झाली. काम चालू असताना वीज गेली की यंत्र हिशेब जुळवून पाहते. आकडे सरकत होते. आम्ही दोघे चहा निवत ठेवून बसलो होतो. शेवटी ओव्यांची फाइल उघडली. सहाशेहून अधिक ओव्या जागच्या जागी होत्या! त्या डिस्कवर कोरलेल्या होत्या. त्या सायंकाळी लिहिलेल्या अकरा ओव्या मात्र गेल्या. त्या रॅममध्ये होत्या, आणि रॅम म्हणजे मुलांची पाटी. वीज गेली की कोरी.

मी त्याच क्षणी दोन पेनड्राइव्हवर प्रती काढल्या. चार वर्षे पुढे ढकललेल्या त्या कामाला चार मिनिटे लागली, हे सांगताना आजही मला संकोच वाटतो.

अकरांपैकी नऊ ओव्या नानांनी आठवून पुन्हा लिहिल्या. दोन काही केल्या आठवेनात. तेव्हा त्यांनी वाईला आत्याला फोन लावला. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. "नुसती सांगता येत नाही रे," ती म्हणाली, "म्हटली तर येईल." आणि तिकडून तिचा थरथरता सूर ऐकू येऊ लागला. खांद्याने फोन कानाशी धरून नाना एका बोटाने टंकित करीत होते, आणि प्रत्येक चरणानंतर म्हणत होते, "अक्का, थांब जरा. एवढे साठवून घेतो."