मुलगी पसंत आहे की नाही?

गेल्या वर्षी एका कॉन्फरन्सकडून आमचा पेपर साभार परत आला. एका परीक्षकाने एवढंच लिहिलं होतं, की ॲबस्ट्रॅक्ट दोनदा वाचूनही यांना नक्की सापडलं काय ते कळलं नाही. जाम राग आला. मग तेच ॲबस्ट्रॅक्ट काढून वाचलं, आणि... च्यायला, मलाही कळलं नाही!

पहिली चार वाक्यं 'आजच्या माहितीच्या युगात' छापाची. मग आम्ही काय काय केलं त्याची जंत्री. शेवटी 'लक्षणीय सुधारणा दिसून आली'. किती? कशात? ते सातव्या पानावर. मला वाटायचं ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे पिक्चरचा ट्रेलर, शेवट फोडायचा नसतो.

माझा मामेभाऊ मुलगी बघून आला तेव्हा फोनवर दहा मिनिटं पोहे, पडदे आणि तिच्या वडिलांची नोकरी यावरच बोलत होता. शेवटी मामी ओरडली, "अरे, मुलगी पसंत आहे की नाही ते बोल!" शंभर ॲबस्ट्रॅक्ट चाळणाऱ्या परीक्षकाची मामी झालेली असते.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्या केंट बेकने यावर चार वाक्यांचा तोडगा दिलाय: प्रश्न काय, तो महत्त्वाचा का, वाचणारा चमकेल असं तुमचं उत्तर, आणि त्यातून पुढे काय. याहून कहर म्हणजे २०११ साली न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने पळतात का यावर गदारोळ चालू होता, तेव्हाचा मायकेल बेरी आणि सहकाऱ्यांचा पेपर. शीर्षकात एक संभाव्य स्पष्टीकरण प्रश्न म्हणून मांडलेलं आणि अख्खं ॲबस्ट्रॅक्ट दोन शब्दांचं. बहुधा नाही. बस!

असो. यंदा रविवारी पुन्हा बसलो. डेडलाइन 'एनीव्हेअर ऑन अर्थ', म्हणजे आपल्याकडे सोमवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत मुभा. पहिली दोन वाक्यं पटकन झाली. गाडी अडली ती तिसऱ्यापाशी. आमच्या कॅशिंगमुळे रात्रीचा रिपोर्ट ४० मिनिटांऐवजी २६ मिनिटांत होतो, हे खरं. पण महिनाअखेरीच्या गर्दीत फरक शून्य, हेही खरं. आता कळलं, 'लक्षणीय सुधारणा' कशावर पांघरूण घालायला आली होती ते.

सहलेखक म्हणाला, "शून्य कशाला लिहितोस? कोणी विचारलं तर सांगू की." तासभर वाद झाला. शेवटी दोन्ही आकडे घातले आणि सोमवारी चारला सबमिट दाबलं. निकाल यायचाय. तो मात्र अजून जरा तुटकच बोलतोय.