दुसरा रिमोट

व्हिडिओ गेमच्या खोक्यातून दोन रिमोट निघायचे. एक माझ्या हातात असायचा, दुसरा वायर गुंडाळलेला तसाच टीव्हीशेजारी पडलेला. नव्वदच्या दशकात आमच्यासारख्यांच्या घरी आलेली ही यंत्रं म्हणजे निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ची स्वस्तातली नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला आणि त्याच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये एक चिमुकला माइक होता. पहिल्यात नव्हता. खेळ सुरू करायचं बटण पहिल्याकडे आणि बोलायची सोय दुसऱ्याकडे. आमच्यापर्यंत पोचलेल्या नकलेत तो माइक नव्हता. हे मी फार उशिरा वाचलं, पण वाचल्यापासून तो माइक डोक्यातून जात नाही.

बाबांची बदली चिपळूणहून जळगावला झाली तेव्हा मी पाचवीत होतो. वर्गातली मुलं एकमेकांशी अहिराणीत बोलायची आणि माझे कोकणी हेल ऐकले की मागच्या बाकावरून त्यांची नक्कल व्हायची. मी बोलणंच कमी केलं. डबा खाऊन झाल्यावर मधल्या सुट्टीचा उरलेला वेळ कुठे घालवायचा, हा नव्या मुलापुढचा खरा प्रश्न असतो. ज्यांनी कधी शाळा बदलली नाही, त्यांना तो कळणं अवघड आहे. पाण्याच्या टाकीपाशी उगाच दोनदा जायचं, दप्तर पुन्हा लावायचं, फळ्यावरची तारीख वाचत बसायचं. घरी आल्यावर आई विचारायची, “झाले का रे मित्र?” आणि मी “हो” म्हणायचो.

मे महिन्यात तिथली दुपार अशी तापते की गल्लीत चिटपाखरू नसतं. अशाच एका दुपारी फ्रीजमधली पाण्याची बाटली मागायला आलेला शेजारचा मुलगा टीव्हीवरचा ‘कॉन्ट्रा’ पाहून दारातच थबकला. मी दुसऱ्या रिमोटची वायर सोडली. नाव विचारलं नाही, त्यानेही नाही. कॉन्ट्रात धबधब्याची एक लेव्हल आहे. तिथे दोघं वर वर उड्या मारत चढतात. एक घाईने पुढे गेला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. म्हणून थांबावं लागतं, जोडीदाराची उडी नीट पडली का ते पाहावं लागतं. आणि आपल्या लाइफ संपल्या तर त्याच्या शिल्लक लाइफमधली एक घेता येते. “एक लाइफ घेऊ का तुझी?” हे तो माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, “घे.” जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मधल्या सुट्टीत मी एकटा नव्हतो.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे की अबोल मुलाला मैत्री करायला सांगणं, चारचौघांत बोलायला ढकलणं, ही त्याला शिक्षाच असते. त्याला दोघांनी मिळून करायचं एखादं काम हवं असतं, ज्यात डोळे समोर असतात, एकमेकांवर रोखलेले नसतात. ज्यात त्याच्यावाचून अडतं. बोलणं मग त्या कामातून आपोआप फुटतं. क्रिकेट हे करतं, पण क्रिकेटमध्ये संघ निवडताना शेवटी उरणारी मुलं असतात. खेळण्याच्या पडद्यापाशी येऊन बसलेली बरीचशी मुलं ही तीच.

पुण्यात इंजिनिअरिंगला आलो तर कॉलेजजवळच्या तळघरातल्या नेट कॅफेत ती सगळी भेटली. खेळ ‘काउंटर-स्ट्राइक’. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून तो रचला आणि आमच्या काळात तो पुण्यातल्या कॅफे-कॅफेत पोचला होता. शेजारच्या खुर्चीवर हिंगोलीचा एक मुलगा बसायचा. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारला की त्याचे कान लाल व्हायचे. पलीकडे इंफाळचा एक जण. रस्त्यावर लोक त्याला ‘कुठल्या देशाचा?’ म्हणून विचारत आणि त्याने उत्तर देणं सोडून दिलं होतं. ‘डस्ट टू’ नावाचा नकाशा आम्हाला तिघांनाही राहत्या शहरापेक्षा जास्त ओळखीचा होता. “मिडला दोन!” “लाँग बघ, लाँग!” “बीला आले!” या बोलीत कुणाचे हेल चुकत नव्हते. काउंटर-स्ट्राइकचा नियम असा की मेलात तर फेरी संपेपर्यंत पुन्हा खेळता येत नाही; जिवंत सोबत्याचा खेळ बघत बसायचं. शेवटी एकटा उरलेला इंफाळचा मुलगा आणि त्याच्या पडद्याकडे श्वास रोखून बघणारे आम्ही बाकीचे, हे त्या तळघरात कितीदा घडलं. त्याच्याकडे इतक्या आपुलकीने टक लावून पुण्यात दुसरं कुणी पाहिलं नसावं. बाहेर पडल्यावर भुर्जी-पावाच्या गाडीवर मग बाकीचं बोलणं व्हायचं. घरचं, फीचं, नापास झालेल्या विषयाचं. दिवाळीत इंफाळच्या मुलाला घरी जाणं परवडणार नव्हतं, तर हिंगोलीवाला त्याला आपल्या गावी घेऊन गेला.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट मी पुढे वाचली आणि २०२४ साली त्याच्यावरचा माहितीपटही पाहिला. स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन हा आजार त्याला जन्मापासून होता. तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं, आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कुणाच्या उपयोगी पडणं यातलं काहीच लाभलं नाही. खोलीत बसून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळण्यातच त्याचं आयुष्य गेलं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी टाकली आणि देशोदेशींहून पत्रं येऊ लागली. त्या खेळात तो ‘इबेलिन’ नावाचा धडधाकट, धावणारा माणूस होता. ‘स्टारलाइट’ नावाच्या त्याच्या गटातले लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत. मुलाशी संवाद तुटलेल्या एका आईला त्याने पुन्हा मुलापर्यंत पोचायची वाट सुचवली होती. गटातले काही जण परदेशांतून ऑस्लोला अंत्यविधीसाठी आले. त्याचे आईवडील प्रेमळच होते, काळजी घेणारे होते. त्यांना दुसरा रिमोट कुणाच्या हातात आहे एवढंच दिसत नव्हतं.

आपल्याकडे पडद्यावरची ही मैत्री घराघरांत आली ती लॉकडाउनमध्ये. सोलापूरला माझा भाचा तेव्हा दहावीच्या उंबरठ्यावर. ताईचा फोन आला की तक्रार एकच, “दिवसभर पबजी.” तक्रार खोटी नव्हती. गेमिंगच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या यादीत जागा दिली आहे आणि झोप, अभ्यास, जेवण सुटलेली मुलं मीही पाहिली आहेत. माइकवर मुलीचा आवाज ऐकला की घाण बोलणारेही तिथे आहेत. भाची आजही माइक बंद ठेवून खेळते आणि याचा मला मनापासून संताप येतो. तरी ‘किती तास खेळतोस’ याच्या जोडीला ‘कुणाबरोबर खेळतोस’ हेही विचारायला हवं, असं मी ताईला म्हटलं. भाच्याच्या स्क्वॉडमध्ये चौघे होते: तो स्वतः, एक नांदेडचा, एक इंदूरचा, एक गुवाहाटीचा. गोळी लागून कुणी नॉक झाला की दुसरा गोळीबारातून सरपटत जाऊन त्याला उठवायचा. खऱ्या आयुष्यात त्या महिन्यांत गुवाहाटीच्या मुलाचे वडील दवाखान्यात होते आणि रात्री तो खेळायला कमी, आवाज ऐकायला जास्त यायचा.

२ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. ज्यांच्या फोनमध्ये खेळ आधीपासून होता त्यांचा तो ३० ऑक्टोबरपर्यंत चालला. मोठ्यांना सुटल्यासारखं झालं. भाचा मात्र दोन दिवस नीट जेवला नाही, कारण ज्यांच्याशी तो रोज बोलत होता त्यांची खरी नावंसुद्धा त्याला ठाऊक नव्हती. खेळ बंद म्हणजे माणसंच हरवणार. शेवटच्या दिवसांत देशभर कितीतरी पोरांनी केलं असेल तेच या चौघांनी केलं. बंदुका बाजूला ठेवून फोन नंबर लिहून घेतले. ताईने तो कागद फ्रीजवर चिकटवला.

गुवाहाटीचा मुलगा आता नोकरीसाठी पुण्यात येतो आहे. राहायला खोली शोधायचं काम भाच्याने अंगावर घेतलं आणि सोलापुरात बसून ते जमेना, तेव्हा मला फोन केला. कर्वेनगरात एका ओळखीच्या काकूंची वरची खोली रिकामी आहे, त्यांच्याकडे शब्द टाकला आहे. ‘ईशान्येचा का?’ असं त्यांनी जरा अडखळत विचारलं. मी सांगितलं, “काकू, घरचाच मुलगा आहे.” रविवारी खोली बघायला जायचं ठरलं आहे.