हा पाथ वाचणार कोण?

विंडोजवरचा पाथ (फाइलचा डिस्कवरचा पत्ता) लिनक्सवर न्यायचा म्हणजे बॅकस्लॅश काढून तिथे साधा स्लॅश टाकायचा, अशी आमच्या कामात नव्याने येणाऱ्या बहुतेकांची समजूत असते. पुष्कळदा तेवढ्यावर भागतंही. ज्या वेळी भागत नाही, त्या वेळी मात्र बिघाड लगेच दिसत नाही. म्हणून हे काम मी घाईने उरकू देत नाही.

दोन स्लॅश वेगळे का झाले, हे आधी सांगते. १९८१ साली एमएस-डॉसची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात फोल्डर नव्हतेच. डिस्कवरच्या सगळ्या फायली एकाच यादीत असायच्या. कमांडचे पर्याय लिहिताना मात्र आधी स्लॅश द्यायचा, ही पद्धत पडून गेली होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिक्ससारखे फोल्डरात फोल्डर आले. तोवर स्लॅश अडकलेला होता, म्हणून बॅकस्लॅश घेतला. आजही विंडोजला पाथमध्ये साधा स्लॅश दिला, तर बहुतेक ठिकाणी ती तो निमूट स्वीकारते. म्हणजे खरा फरक या चिन्हाचा नाहीच.

खरा फरक मुळाचा आहे. युनिक्समध्ये आणि तिच्याच वळणाच्या लिनक्समध्ये एकच मूळ आणि एकच झाड. नवी डिस्क जोडली तरी ती त्याच झाडावर कुठेतरी बसवायची. विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हचं झाड निराळं. मग सी ड्राइव्ह युनिक्सच्या झाडावर नेमका कुठे? विंडोजवर युनिक्सच्या कमांड चालवणारं सिगविन म्हणतं ‘/सिगड्राइव्ह/सी’, तसंच काम करणारं गिट बॅश म्हणतं ‘/सी’, आणि विंडोजच्या आत चालणारं लिनक्स म्हणतं ‘/एमएनटी/सी’. मशीन एक, फाइल एक आणि पाथ तीन. त्यामुळे कोणी पाथ बदलून मागितला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा पाथ वाचणार कोण?

काही पाथ बदलताच येत नाहीत. ‘सी:’च्या पुढे बॅकस्लॅश नसेल, तर तो पाथ मुळापासून मोजला जात नाही, त्या ड्राइव्हवर आपण सध्या ज्या फोल्डरमध्ये असू तिथून तो सुरू होतो. युनिक्समध्ये याला जोडच नाही. अशा वेळी प्रोग्रॅमने थांबून एरर द्यावी, असं माझं ठाम मत आहे. अंदाजाने दिलेला पाथ कधीकधी दुसरीच फाइल उघडतो, आणि ते कळायला महिने जातात.

न विचारता केलेली मदतही अशीच नडते. गिट बॅशमधून डॉकरला कंटेनरमधला ‘/ॲप’ हा फोल्डर सांगितला, तर गिट बॅश तो आपल्याच झाडावरचा पाथ समजून परस्पर विंडोजच्या रीतीने बदलतं आणि डॉकरच्या हाती पडतं ‘सी:/प्रोग्रॅम फाइल्स/गिट/ॲप’. सुरुवातीला दोन स्लॅश दिले की हे टळतं. ज्याला ही युक्ती माहीत नाही, तो दिवसभर डॉकरमध्येच चूक शोधत बसतो.

म्हणून पाथ हा साधा मजकूर धरायचा नाही. त्याचे ड्राइव्ह, मूळ, फोल्डर आणि नाव असे तुकडे करायचे, तसेच जपायचे आणि अगदी शेवटी, ज्याला द्यायचा त्याच्या रीतीने जोडायचे. पायथनच्या पाथलिबमध्ये लिनक्सवर बसून विंडोजचा पाथ असा सोडवता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते.

स्लॅश, ड्राइव्ह सगळं नीट बसलं, तरी मराठी नावांचा प्रश्न उरतोच. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये एका नावाला यूटीएफ-१६ ची २५५ एककं मिळतात, तर लिनक्सवर सहसा २५५ बाइट. आकडा तोच, पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि मात्रा, हलन्त हेही स्वतंत्र मोजले जातात. ‘क्षेत्र’ या शब्दात अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे एकवीस बाइट. लिनक्सवर देवनागरी नाव पंच्याऐंशी चिन्हांतच संपतं. आपल्या कार्यालयांत पत्राचा अख्खा विषय फाइलला नाव म्हणून देतात. त्या फायली विंडोजवर सुखाने राहतात आणि लिनक्स सर्व्हरवर कॉपी करताना अडतात.

‘वऱ्हाड’ची गोष्ट याहून नाजूक. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशी जोडी करून. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावं फोडून ठेवायची. विंडोज आणि लिनक्स आलं तसं ठेवतात. त्यामुळे यादीतलं ‘वऱ्हाड’ आणि डिस्कवरचं ‘वऱ्हाड’ डोळ्यांना हुबेहूब दिसतात आणि प्रोग्रॅम म्हणतो, फाइल नाही.

मराठी फायली हलवायच्या असल्या की मी आधी सगळी नावं एकाच रूपात आणते, प्रत्येकाचे बाइट मोजते आणि लांब नावं फाइलच्या मालकाला विचारून छोटी करते. जुनं नाव आणि नवं नाव यांची यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवते. तिचं स्वतःचं नाव मात्र इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता.