पर्वा नाही

तंजावरला नव्या बसस्थानकावरून जुन्या बसस्थानकाकडे जाणाऱ्या टाउन बसमध्ये मी उभी होते. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात टिपणांची जड पिशवी. समोर बसलेल्या बाईंनी काही न विचारता पिशवीला हात घातला. मी ती घट्ट धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

मग दिसलं, की त्यांच्या मांडीवर आधीच एक दप्तर होतं आणि ज्या मुलीचं ते होतं, ती माझ्या शेजारी उभी होती. बसलेल्यानं उभ्याचं ओझं सांभाळायचं, ही इथली रीत. कंडक्टरकडे निघालेल्या नोटाही अशाच अनोळखी हातांतून सरकत होत्या. तिकीट आणि सुटे पैसे त्याच वाटेनं परत येत होते.

ओशाळून मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली. तेवढ्यात बसनं गचका दिला आणि माझा पाय त्यांच्या पायावर पडला.

"सॉरी, सॉरी."

"परवायिल्लै," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी हा शब्द मला टोचला होता. 'पर्वा' मूळची फारसी. ती मराठीत आली, तमिळमध्येही गेली. आपल्याकडे 'पर्वा नाही' म्हणणारा समोरच्याला झटकून टाकतो. तमिळमध्ये त्याच शब्दांनी समोरच्याला अपराधातून मोकळं करतात. असू दे, काही बिघडलं नाही.

माझा फोन वाजला. दोन वाक्यं बोलून ठेवला, तर बाईंनी मराठीत विचारलं, "कुठं उतरणार?"

"अय्या, तुम्हाला मराठी येतं? किती छान बोलता! मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच," त्या म्हणाल्या. "घरात हेच बोलतो." त्या हसल्या, पण जरा उशिरानं.

व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, भोसल्यांचं राज्य इथं १८५५ पर्यंत चाललं, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला, हे सगळं मला ठाऊक होतं. सरस्वती महालातले मोडी कागद पाहायलाच तर मी आले होते. कागदावरची मराठी इथली आहे, हे मला मान्य होतं. बसमधली मराठी मात्र मला पाहुणी वाटली, आणि मी तिला शाबासकी देऊन बसले. कोथरूडच्या बसमध्ये मला कुणी 'मराठी छान बोलता' म्हटलं असतं, तर मी काय उत्तर दिलं असतं?

पिशवी न देण्यातला उद्धटपणा मला लगेच कळला होता. हा दुसरा कौतुकाच्या वेषात आला, म्हणून कळायला दोन थांबे गेले.

जुनं बसस्थानक आलं. त्यांनी पिशवी हातात दिली. माफी मागावी असं वाटलं, पण कशाबद्दल ते गर्दीत समजावून सांगणं अवघड होतं. 'धन्यवाद' सभेतला वाटला.

"येते हं," मी म्हणाले. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आपल्याकडे जसं, तसंच तमिळमध्येही. तिथंही लोक 'जाऊन येते' म्हणतात, पुन्हा भेट होणार नसली तरी.

"या," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या उभ्या बाईच्या पिशवीकडे हात केला.