पाच डॉलरचं तिकीट

मराठी विभागात अमेरिकन रॉक बँडवर लेख देणार म्हटल्यावर संपादक मंडळातल्या ताईने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग कपाळाला हात लावला. "कॉन्व्हेंटवाली ना तू? मग इंग्रजी विभागात दे की!" पण आमच्या हॉस्टेलच्या पोरी भांडतात, हसतात, रडतात ते सगळं मराठीत. मला ज्यांच्याशी बोलायचंय त्या याच. शाळेत मराठी ५० मार्कांपुरतं होतं. वेलांट्या-उकार इकडचे तिकडे झाले तर प्रूफवाल्यांनी सांभाळून घ्यावं. असो.

बँडचं नाव फुगाझी. माझ्या रूममेटला पहिल्यांदा 'फुगडी' ऐकू आलं आणि ती अजूनही तेच म्हणते. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या बोलीतला हा शब्द. अर्थ साधारण असा, की पार बोऱ्या वाजलाय! आपल्याकडे सबमिशनच्या आठवड्याला याहून योग्य शब्द नाही.

१९८७ साली वॉशिंग्टन डी.सी.मध्ये हा बँड सुरू झाला. इयन मकाय आणि गी पिचोटो गाणार आणि गिटार वाजवणार, जो लॅली बेसवर, ब्रेंडन कॅन्टी ड्रम्सवर. शेवटपर्यंत हेच चौघं. रेकॉर्ड्स निघायच्या 'डिस्कॉर्ड' नावाच्या लेबलवर (गेम खेळताना पोरं वापरतात ते नव्हे!). या लेबलची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इयन आणि त्याच्या शाळकरी मित्रांचा 'टीन आयडल्स' नावाचा बँड होता. १९८० मध्ये तो मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले थोडे पैसे गल्ल्यात होते. आपण काय केलं असतं? वाटून घेऊन पार्टी! त्यांनी त्या पैशातून मोडलेल्या बँडची रेकॉर्ड काढली आणि त्यासाठी लेबल उघडलं. पुढे डिस्कॉर्डने कितीतरी बँड्सच्या रेकॉर्ड्स काढल्या, आणि करारपत्राशिवाय. तोंडी बोलणं, खर्च वजा जाता नफ्याची वाटणी, बस्स.

मी स्वतः हॉस्टेलच्या बँडमध्ये बेस वाजवते, त्यामुळे माझी फुगाझीशी ओळख 'वेटिंग रूम' या गाण्यामुळे झाली. ते सुरूच होतं बेसवर. जरा रंगात येतं न येतं तोच सगळे एकदम थांबतात. काही सेकंद पूर्ण शांतता. पहिल्यांदा मला वाटलं नेट गेलं.

पण मी त्यांच्या नादी लागले ती गाण्यांइतकीच त्यांच्या हिशोबामुळे. तिकीट शक्यतो ५ डॉलर. १९९० च्या भावाने नव्वदेक रुपये. हे परवडायचं कसं? इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी इनपुटच कमी केला. मॅनेजर नाही. कार्यक्रम ठरवायचं काम स्वतः इयनचं. भपकेबाज स्टेज नाही, टी-शर्टविक्री नाही. मधले हात कमी झाले की तिकीट आपोआप खाली येतं. स्वस्तात वाजवणं म्हणजे फुकट राबणं नव्हे, हे मला इथे कळलं. ते चौघं त्यावर जगत होते.

दुसरा नियम, सगळ्या वयाच्यांना प्रवेश. अमेरिकेत अनेक क्लब बारच्या धंद्यावर चालतात, त्यामुळे २१ वर्षांखालच्यांना दारातूनच परत पाठवतात. म्हणजे ज्या वयात रॉक डोक्यात भिनतो, नेमकी तीच मुलं बाहेर! फुगाझीने अट घातली, की पोरांना आत घेणार असाल तरच वाजवू. नाहीतर चर्चचा हॉल, शाळेचा जिम, मिळेल ती जागा बघू.

हे वाचलं तेव्हा मला अमेरिका आठवली नाही, आपला इन-टाइम आठवला. फेस्टचा मुख्य बँड स्टेजवर येतो रात्री साडेनऊनंतर. त्या वेळी आपण मुली हॉस्टेलच्या रजिस्टरवर सह्या करत असतो. गच्चीवरून लांबचा धडधडाट ऐकू येतो, तेवढाच आपला कार्यक्रम. आपल्यावर कुणी 'प्रवेश नाही' अशी पाटी लावलेली नाही. वेळच अशी ठेवलेली असते.

एकदा मात्र वेळेत जमलं होतं. एका कॉलेजच्या फेस्टला आम्ही सहाजणी पुढे जागा धरून उभ्या राहिलो. तिसऱ्या गाण्याला मागून लोंढा आला. एकीचा चष्मा गेला, आणि गर्दीचा फायदा घेणारे हात कुठे कुठे लागतात ते मुलींना सांगायला नको. व्हॉलंटियर्सना सांगितलं, तर त्यांनी काय करावं? आम्हालाच दोरीच्या मागे नेऊन उभं केलं. "तुमच्याच सेफ्टीसाठी." स्टेजवरचा गाणारा "और जोर से" म्हणत होता.

फुगाझीच्या कार्यक्रमांतही ही धक्काबुक्की व्हायची. फरक एवढाच, की ते गाणं अर्ध्यात थांबवायचे. दांडगाई करणाऱ्याला माइकवरून 'सर' म्हणून विनंती करायचे. तरी ऐकला नाही तर त्याचे ५ डॉलर परत आणि दार तिकडे! जेम कोहेनच्या १९९९ च्या 'इन्स्ट्रुमेंट' या माहितीपटात हे बघायला मिळतं. आमची ड्रमर म्हणते, "हे काय मास्तरांसारखं? रॉक आहे की प्रार्थना?" तिथेही अनेकांना तसंच वाटायचं. पण मला विचाराल तर दोरीमागे कुणी जायचं याचं उत्तर आयुष्यात प्रथमच मला बरोबर मिळालं होतं. त्यांच्या पहिल्याच, १९८८ च्या रेकॉर्डवर रस्त्यात छळ सोसणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिलेलं गाणं आहे. ते गायचं आणि समोर मुली चिरडताना बघायच्या, हे त्यांना जमलं नाही.

१९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' गाजला आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्या असे बँड शोधत हिंडू लागल्या. फुगाझीच्याही मागे लागल्या. हे गेले नाहीत. १९९३ चा 'इन ऑन द किल टेकर' शिकागोला स्टीव्ह अल्बिनीसारख्या नामांकित माणसाकडे रेकॉर्ड केला होता. पण मनासारखा उतरला नाही, म्हणून गावी परत येऊन पुन्हा केला. मागे डेडलाइनचा दट्ट्या नव्हता, म्हणून हे शक्य झालं.

मग शेवट. २००१ मध्ये 'द आर्ग्युमेंट' हा सहावा अल्बम आला, २००२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला शेवटचे कार्यक्रम झाले, आणि २००३ पासून त्यांनी बेमुदत विश्रांती घेतली. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. मुलंबाळं, घरचं आजारपण, वाढती वयं. अर्धवट मनाने करण्यापेक्षा थांबूया, एवढंच. २०११ पासून जुन्या कार्यक्रमांची शेकडो रेकॉर्डिंग्ज त्यांनी डाउनलोडसाठी ठेवली. सुचवलेली किंमत तीच, ५ डॉलर. पण ज्याला जे परवडेल ते, १ डॉलरपासून पुढे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. आमचाही चौघींचा बँड आहे. जूनमध्ये तो संपणार. दोघी फायनल इयरच्या; ड्रमरला बंगळूरची नोकरी लागलीय, दुसरी घरी परतणार. "आता कशाला शेवटचा कार्यक्रम, दोन महिन्यांत सगळं संपणारच आहे," असं ड्रमर म्हणाली, आणि त्यावर आमची आठवडाभर बोलाचाली बंद होती. मध्येच एका क्लासवाल्यांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट काय? स्टेजभर त्यांचा बॅनर आणि कार्यक्रम रात्री ९ ला, त्यांच्या सरांच्या भाषणानंतर.

म्हणजे हॉस्टेलच्या मुली पुन्हा गच्चीवर.

रविवारी मेसच्या टेबलावर जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. साउंडचं भाडं ६,००० रुपये. चौघींचे ५०० प्रमाणे २,०००. राहिले ४,०००. तिकीट २० रुपये ठेवलं तर २०० माणसं हवीत. ड्रमरने कागद दोनदा तपासला, मग म्हणाली, "अगं, पण २०० जणी येतील का?" आठवडाभरानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य.

रेक्टर मॅडमनी मेस हॉल दिलाय, टेबलं आपण उचलायच्या बोलीवर. मार्चचा दुसरा शनिवार, संध्याकाळी ५ ला. साडेसातला सगळं आटोपेल, मग मेसमावशींना जेवण लावायला हॉल मोकळा. मुलांनीही जरूर यावं. धक्काबुक्की केलीत तर गाणं थांबेल आणि २० रुपये परत मिळतील. सुट्टे आणून ठेवलेत.