वाऱ्याची वाट

पितृपक्ष चालू होता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नवरात्रासाठी वाती वळत बसल्या होत्या आणि मी शेजारी लॅपटॉपवर हिशेब लिहीत होते. मधेच त्यांचा हात थांबला.

"कोरडं पडलंय गं ते."

मला वाटलं, निरांजनाबद्दल बोलतायत.

"तुझं मशीन. ऐक की जरा, कुरकुरतंय. माझंही असंच करायचं तेल संपलं की."

त्यांनी चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. मशीनच्या आवाजाबद्दल त्या काही म्हणाल्या की मी ऐकते. त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलावर जुनी चादर अंथरली आणि लॅपटॉप पालथा घातला.

हा लॅपटॉप 2014 साली भिशीच्या पैशांतून घेतला, दुकानातला सगळ्यात स्वस्त. अंगाने प्लॅस्टिकचा, 4 जीबी रॅम, आत मिनिटाला 5400 फेरे घेणारी हार्ड डिस्क. 2020 साली लेकाची अख्खी सातवी त्याच्यावर झाली. पुढे तो इतका मंदावला की सुरू केल्यावर चहा होऊन पिऊन व्हायचा. एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नाही. याचे पार्ट येत नाहीत, नवा घ्या, म्हणाले. नवा परवडत नव्हता हे खरंच. पण घरी येताना मला वेगळंच काहीतरी टोचत होतं. ज्याच्यावर माझी रोजची भाकरी चालते, ते आतून कसं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कुकरची शिट्टी, गॅसचा रेग्युलेटर, पाण्याच्या टाकीचा बॉल, सगळं कळतं. आणि दिवसाचे आठ तास जे समोर असतं, ते मात्र बंद पेटी.

म्हणून तापकीर गल्लीत गेले. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत दुकानं एकमेकांना खेटून, दारात वायरींची भेंडोळी टांगलेली, आणि दोन माणसं समोरासमोर आली की एकाला अंग चोरावं लागतं. तिथल्या एका वयस्कर दुकानदाराने मला हार्ड डिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची एसएसडी दिली, रॅमची एक पट्टी दिली, बारीक स्क्रू ड्रायव्हर दिला आणि गिऱ्हाइकांची गर्दी असतानाही समजावून सांगितलं. "ताई, आधी बॅटरी काढायची. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, उरलासुरला करंट जातो. आणि जोर लावायचा नाही. जोर लागतोय म्हणजे कुठेतरी स्क्रू राहिलाय."

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल! एकदा विसरले, तेव्हा कीबोर्डची कागदासारखी पातळ पट्टी तिची काळी खिटी न उचलताच ओढली. खिटी तुटली ती तुटलीच. ती पट्टी आजही चिकटपट्टीने धरून ठेवली आहे.

स्क्रूंसाठी मी जुना मिसळणाचा डबा घेते. एका वाटीत तळाचे लांब स्क्रू, दुसऱ्या वाटीत डिस्कचे आखूड, तिसरीत बिजागरीचे. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं, प्लॅस्टिक फाटतं. जिथे मोहरी असायची तिथे आता बिजागरीचे स्क्रू असतात. या बिजागऱ्या म्हणजे स्वस्त लॅपटॉपचं खरं दुखणं. बिजागरी पोलादाची आणि ती धरायची कोणी, तर प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळेच्या इवल्या नटांनी. झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं की एक दिवस नट मुळासकट उपटून येतात. आमचे आले होते. एपॉक्सी कालवून ते परत बसवले, रात्र आणि दिवस तसेच ठेवले आणि बिजागरीचा पीळ थोडा सैल केला. तेव्हापासून घरात सगळ्यांना सक्त ताकीद आहे, झाकण मधोमध धरूनच उघडायचं.

तर पितृपक्षातल्या त्या रात्री कीबोर्ड उचलला, तर खाली कुंकवाचे कण. दरवर्षी खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला आई शिलाई मशीनबरोबर लॅपटॉपचीही पूजा करतात. अकरा वर्षांचं कुंकू कळांच्या फटींतून आत उतरून बसलं होतं. ते पुसताना माझा हात जरा घुटमळला.

पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पत्र्यांच्या जाळीवर, धुळीचा अक्षरशः नमदा झाला होता. चिमट्याने धरून ओढला तर एका तुकड्यात बाहेर आला, करंगळीएवढा लांब, करडा. दिव्याखाली धरून पाहिला. त्यात वातींच्या कापसाचे तंतू होते, उदबत्तीची काजळी होती, लेकाच्या लोकरीच्या टोपीचा एक हिरवा धागा होता आणि आईंचे पांढरे केस. आमच्या घरात जे जे हवेत उडालं, ते सगळं या पंख्याने ओढून घेतलं होतं आणि त्यानेच त्याचा श्वास कोंडला होता. मी आईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून तो बोळा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मशीनच्या खणातून तेलाची कुपी आणून दिली.

आमच्या पंख्याचं पात्यांचं चक्र चुंबकाने धरलेलं आहे. अलगद वर ओढलं की निघतं. त्याची दांडी खरोखर कोरडी ठक्क होती. सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेतला. "एकच," आई म्हणाल्या, "जास्त झालं की मळ धरतं." चक्र बसवून बोटाने फिरवलं, तर आवाज न करता फिरत राहिलं.

प्रोसेसरवरचा लेप वाळलेल्या चुन्यासारखा सुटून आला. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी ते मोजक्याच ठिकाणी एकमेकांना टेकतात. मधल्या फटींत हवा, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. ती हवा हटवण्यापुरता हा लेप. नवा लावला तो मसुराच्या दाण्याएवढा.

विंडोज बदलायचे दिवस आले तेही याच पंधरवड्यात. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होती आणि विंडोज 11 च्या यादीत आमचा प्रोसेसर बसत नव्हता. लेकाने पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकून दिलं. देवनागरी टंकायला दोन दिवस चाचपडले, मग बोटं आपसूक चालायला लागली. हिशेबाच्या जुन्या फाइली सगळ्या उघडल्या, एवढं मला पुरे.

2 ऑक्टोबरला दसरा होता. पाटावर शिलाई मशीनची कात्री, लेकाचा कंपास, माझा स्क्रू ड्रायव्हर आणि लॅपटॉप. आईंनी या वेळी कुंकू झाकणावर लावलं, कळांवर नाही. मग झेंडूचं एक टपोरं फूल डाव्या कडेला ठेवलं, क्षणभर पाहिलं आणि उचलून उजवीकडे सरकवलं.

"इकडून वारा बाहेर येतो ना त्याचा," म्हणाल्या.