पऱ्हाटीला भाव किती?

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी कपाशीची वाळकी झाडं. शहरातल्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं, यवतमाळकडे लागत नाही. आमच्याकडे पऱ्हाटीचं आधी कुंपण होतं, मग सरपण होतं आणि उरलेली बांधावर पेटवली जाते. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून राहते, म्हणून शेत लवकर मोकळं करा असं कृषी खातंही सांगतं.

माझ्या पीएचडीच्या प्रस्तावात तिला 'टाकाऊ बायोमास' म्हटलंय. तिच्यापासून इथेनॉल करायचं, हे माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं. ज्वारीच्या पिठातला स्टार्च आणि पऱ्हाटीतला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक फक्त जोडणीचा. पण त्या फरकामुळे भाकरी आपल्याला पचते आणि काडी पचत नाही. गाईला पचते, कारण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. त्यात पऱ्हाटी पडली लाकडासारखी. सेल्युलोजभोवती लिग्निनचा असा गिलावा की एन्झाइमला आत शिरायला जागाच मिळत नाही. आधी आम्ल किंवा अल्कली आणि उष्णता वापरून तो सैल करायचा, मग एन्झाइम, मग यीस्ट. एवढं करून १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल. बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो.

या एन्झाइमची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड सडत होतं. ते सडवणारी एक बुरशी वेगळी काढली गेली. पुढे एल्विन रीझ या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसाय पडलं. कापूस खाणारी ही बुरशी आज जगभर सेल्युलोज फोडणारी एन्झाइम्स पुरवते.

आणि हे नुसतं काचेच्या भांड्यांत राहिलेलं नाही. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली जुनी यूडीसीटी. तिथल्या केंद्राने विकसित केलेल्या तंत्रावर २०१६मध्ये उत्तराखंडात काशीपूरला दिवसाला १० टन बायोमास वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. माटुंग्यातच कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलेत. तरीही आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉल अजून मुख्यतः उसाचं आणि धान्याचं आहे.

दिवाळीत घरी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाव काय देतील? अन् सारी पऱ्हाटी नेली, त मी चुलीत काय घालू?"

सिलिंडर आहे घरात. पण अंघोळीचं पाणी, पाहुणे आले की वरण आणि भाकरी, हे अजून चुलीवरच. आईच्या हिशोबात पऱ्हाटी कधी टाकाऊ नव्हतीच. 'टाकाऊ' म्हटलं की कच्च्या मालाची किंमत शून्य धरता येते आणि इथेनॉल कागदावर स्वस्त पडतं. प्रत्यक्षात ती उपटायला मजुरी लागते. फांद्या पसरट, त्यामुळे ट्रॉली भरलेली दिसते आणि वजन भरत नाही; भाड्यातच पैसे जातात. सगळीच उचलली, तर जमिनीत परत काय जाणार, हाही प्रश्न आहे.

मला हे तंत्र हवंय. बांधावर पेटणारी पऱ्हाटी लहानपणापासून पाहिलीय. तो धूर कुणाच्याच कामाचा नाही. पण जाळली जाते ती पऱ्हाटी वेगळी आणि आई रचून ठेवते ती वेगळी, हे आमच्या तक्त्यांमध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून मी प्रबंधात एक प्रकरण वाढवतेय: गावात किती जळते, किती घरी वापरली जाते, उपटण्याचा आणि वाहतुकीचा खर्च किती. गाइड म्हणाले, "हे केमिस्ट्री नाही." पण नको असंही म्हणाले नाहीत.

पहिली नोंद आईच्याच घरची आहे. तिने सांगितलेला भाव मी तसाच लिहिलाय. तो आमच्या गणितात बसत नाही.